पातळ रक्त

गोळी घेतल्याशिवाय शालन नवऱ्याला उंबरा ओलांडू देत नव्हती. पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या त्या एका खोलीच्या घराला उंबरा तरी कुठला म्हणा, फरशीचा एक तुकडा बसवला होता नावाला; पण तिथं ती पाण्याचा तांब्या घेऊन वाट अडवून उभी राहायची. देवाप्पा भाकरी खाऊन उठला, खाकी पॅन्ट-शर्ट चढवला, की तिच्या तळहातावरच्या दोन गोळ्या उचलायचा. एक बारकी पांढरी, एक गुलाबी. तोंडात टाकायचा, वर घोटभर पाणी प्यायचा, आणि "झालं तुझं समाधान?" असं विचारत पायात चपला सरकवायचा. मग ती कुलूप लावायची आणि दोघं मिळून निघायची, कारण दोघं एकाच शेडमध्ये कामाला होती.

मूळची माणसं निपाणीकडची. लग्न झालं त्या वर्षीच इकडं आली आणि इथलीच झाली. देवाप्पा लेथवर टर्नर. बोल्ट, पिना, बुशा, काय म्हणाल ते काढून द्यायचा, आणि असं काढायचा की पुढच्या माणसाला घासायला काही ठेवायचा नाही. शेडमधली कानडी पोरं त्याला देवाप्पाण्णा म्हणत. शालन मागच्या बाजूला पॅकिंगच्या टेबलावर. तिथं चार बायका माल पुसायच्या, तेलाचा हात फिरवायच्या आणि खोक्यात भरायच्या. मधे एक पत्र्याची भिंत होती. भिंतीपलीकडून लेथचा आवाज यायचा आणि चार लेथांच्या आवाजातून आपल्या माणसाचा लेथ कुठला, हे शालनला मान वर न करता कळायचं.

निपाणीचा माणूस म्हटल्यावर तंबाखू आलीच. देवाप्पाच्या बापानं जन्मभर तंबाखूच्या वखारीत काम केलेलं, त्यामुळं पोराला मिसरूड फुटायच्या आधीच गालात तंबाखू बसली होती. सकाळी धरलेला बार तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालवायचा. तेवढ्यात बोलायचा, हसायचा, मालकाशी हिशोबाचं बोलणं करायचा, चहासुद्धा प्यायचा. पण गालात काही आहे याचा समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. शालनला लग्नानंतर कितीतरी दिवस वाटत होतं की नवरा निर्व्यसनी आहे. या गोष्टीवरनं माहेरची माणसं अजून हसायची.

उन्हाळ्याच्या शेवटाला त्याच्या छातीत कळ आली. कामगारांच्या विम्यावर मोठ्या दवाखान्यात नेलं, मनगटातनं तार घातली, आणि हृदयाच्या नळीत जाळी बसवून तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवलं. तिथं मुग्धा नावाची डॉक्टर भेटली, पुण्याची. मराठी ऐकल्यावर शालनला रडूच आलं. डॉक्टरीणबाईनं देवाप्पाला समोर बसवून नीट सांगितलं होतं.

"काका, स्टेंट ही बाहेरची वस्तू आहे. रक्त तिच्यावर गोठायला बघणार. ही गुलाबी गोळी गोठू देत नाही. वर्षभर, एकही दिवस चुकवायची नाही. अगदी बरं वाटायला लागलं तरी नाही. आणि तंबाखू आजपासून बंद."

तंबाखू त्यानं खरंच सोडली, त्याला बोल लावायला जागा नाही. चुन्याची डबी दवाखान्यातच वॉर्डबॉयला देऊन टाकली. घरात मीठ निम्मं झालं, तेलाचा हात आखडला, लोणच्याची बरणी शालननं शेजारी नेऊन दिली. संध्याकाळी दोघं पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायची आणि हळूहळू परत यायची. इतक्या वर्षांत ती दोघं अशी रिकाम्या हातानं कधी चालली नव्हती. शालनला ते आवडायला लागलं होतं. मनातनं लाज वाटायची, की माणूस मरणाच्या दारातनं आलाय आणि आपल्याला फिरायला आवडतंय.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा डॉक्टरनं हलक्या कामाची परवानगी दिली आणि देवाप्पा परत शेडवर आला. मालक गिरीराज चांगला माणूस. म्हाताऱ्या वडिलांच्या, आप्पाजींच्या, मागं शेड तोच बघत होता. त्यानं लेथपुढं एक स्टूल ठेवून दिलं, जड माल उचलायला माणूस दिला. देवाप्पा मशीनला हात लावून पाया पडला आणि उभा राहिला. स्टूलवर तो काही बसला नाही.

पण लेथवर काम करायचं म्हणजे बोटं कापायचीच. लोखंडाची कुरळी साल निघते, ती वस्तऱ्यासारखी. टर्नरच्या हाताला रोज एखादा चरा पडतो, तो कॉटन वेस्टच्या चिंधीला पुसतो आणि पुढच्या जॉबला लागतो. देवाप्पालाही पहिल्याच दिवशी चरा पडला. त्यानं चिंधीला बोट पुसलं. रक्त परत आलं. परत पुसलं, परत आलं. चिंधी भिजली, जॉब पकडणाऱ्या चकवर थेंब पडले, पांढऱ्या कूलंटच्या पाण्यात लाल रेघ उतरली. बोट दाबून धरलं तरी अर्धा तास ते चालूच. शालनला कुणीतरी बोलावलं तेव्हा तो बोट वर करून स्टूलवर बसला होता आणि भोवती सगळी शेड जमली होती.

आठवड्यात हे तीनदा झालं. मशीनवर रक्त सांडणं शेडमध्ये कुणाला खपत नाही. लगेच नारळ फोडावा लागतो, आणि त्यात सणवार तोंडावर आलेले. पोरं कुजबुजायला लागली. गिरीराजनं अपशकुनाचं नाव घेतलं नाही, पण एखाद्या दिवशी मोठं काही कापलं तर दवाखान्यापर्यंत तरी पोचेल का हा माणूस, असं तो शालनला बाजूला घेऊन म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून देवाप्पाच्या लेथवर सुरज उभा राहिला. त्याला देवाप्पानंच गावाकडनं आणून शिकवला होता. आणि देवाप्पाला गिरीराजनं पॅकिंगच्या टेबलावर बसवलं.

शालनच्या शेजारी बसवलं. टेबलाला पाचवी खुर्ची लागली. अथणीची शिवलीला तोंडाची मोकळी, ती म्हणाली, "या अण्णा, स्वल्प सरकून बसते, बायकोच्या मांडीला मांडी लावून बसा." सगळ्या हसल्या. त्यात वाईट काहीच नव्हतं, बायका रोज अशाच बोलायच्या. देवाप्पाही हसला. पण त्याचे हात काही केल्या त्या कामाला लागेनात. बोल्ट पुसायचा म्हणजे तो डोळ्यापुढं धरून आटे बघत बसायचा, बोटानं गोलाई चाचपायचा, आणि तेवढ्यात शालनचं खोकं भरून व्हायचं. सुरजनं काढलेला एखादा जॉब हातात आला की तो उलटसुलट करायचा आणि काही न बोलता खोक्यात टाकायचा. पलीकडून लेथचा आवाज आला की त्याची मान वळायची, आणि समोर पत्रा दिसायचा.

आणि खरं सांगायचं तर शालन त्या दिवसांत सुखात होती. नवरा हाताच्या अंतरावर होता. श्वास कसा चाललाय ते तिला बघता येत होतं. दुपारचा डबा दोघं एकत्र खात होती. तो दिवसेंदिवस अबोल होत चालला होता, तर तिनं त्याचा अर्थ अशक्तपणा असा काढला. आमच्याकडं रक्त पातळ झालं म्हणजे माणूस खालावला. लहानपणापासून तिनं हेच ऐकलेलं. घट्ट लालभडक रक्त म्हणजे ताकद, पाण्यासारखं रक्त म्हणजे आजार. डॉक्टरनं गोळीचं कारण सांगितलं होतं आणि तिला ते कळलंही होतं. पण कळणं वेगळं आणि जिभेवर येणं वेगळं. बीट किसता किसता ती रोज पुटपुटायची.

"त्या गोळ्यांनी रक्ताचं पाणी करून टाकलंय नुसतं. पयल्यासारखं रक्त अंगात आसतं, तर मशीनवर हुबा ऱ्हायला आसतासा."

तो ऐकून घ्यायचा. गोळी मात्र रोज बिनबोभाट तोंडात टाकायचा.

गणपती उठले, पितरांचा पंधरवडा लागला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत देवाप्पा उठून गिरीराजच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला. मागोमाग सुरजही गेला, बायकाही गेल्या. देवाप्पानं जमिनीवरची एक लोखंडी साल उचलली आणि सगळ्यांच्या देखत आपल्या बोटावर ओढली. रक्त आलं. त्यानं ते चिंधीनं पुसलं, दाबलं, आणि थोड्या वेळानं चिंधी काढून बोट पुढं केलं. रक्त थांबलं होतं. आता अंग सरावलं औषधाला, असं तो कानडीत म्हणाला. अंगात रक्त भरलंय, आता बघा.

गिरीराजनं बोट हातात घेऊन बघितलं. मग शालनकडं बघितलं. गोळ्या चालू आहेत ना, असं विचारलं.

"माझ्या हातानं देत्या रोज," शालन म्हणाली.

तिला किती आनंद झाला होता ते विचारू नका. बिटाचा गुण आला, भाकरीचा गुण आला, आपल्या हाताचा गुण आला, असं तिला वाटलं. थांबलेलं रक्त तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि ती त्यावर भाळली. डॉक्टरकडं दसऱ्यानंतर जायचंच होतं, तेव्हा सांगू म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुरज बाजूच्या मशीनवर सरकला आणि देवाप्पा आपल्या लेथवर उभा राहिला. त्या दिवशी शेडमध्ये त्याची शिट्टी ऐकू आली. पॅकिंगच्या टेबलावर शालन मान खाली घालून हसत राहिली. पाचवी खुर्ची मात्र तिला रिकामी दिसत होती, हेही खरं.

त्याच दिवसांत कपडे धुताना तिला त्याच्या खाकी पॅन्टच्या उजव्या खिशात गुलाबी डाग दिसला. आत काहीतरी विरघळून कापडाला चिकटलं होतं. शुक्रवारी मशीनला कुंकू लावतात, पुडी पोरं कुणाच्याही खिशात ठेवतात. कुंकू खिशात घेऊन बसता, कापड खराब होतं, म्हणून ती त्याच्यावर करवादली. त्यानं तिच्याकडं न बघताच म्हटलं, "व्हय, शुक्रवारचं कुंकू." देवाचं म्हणून तिनं तो डाग दगडावर आपटला नाही. पाण्यात भिजवून हातानं हळूहळू काढला.

घट बसले. तिसऱ्या-चौथ्या माळेला सकाळी शालन खोक्यात बोल्ट भरत होती आणि पलीकडचा आवाज थांबला. लेथ थांबतोच, जॉब बदलताना थांबतो. पण परत सुरू व्हायचा तो झाला नाही. तिचे हात खोक्यातच राहिले. मग सुरजची हाक आली, "अक्का!" ती तेलाच्या हातांनीच धावली.

सुरजनं नंतर सांगितलं ते असं. देवाप्पाण्णानं जबडा धरला. मग टूल मागं घेतलं, मोटार बंद केली, चक फिरायचा थांबेपर्यंत मशीनचं चाक धरून उभा राहिला, आणि मग खाली बसला. ती पोचली तेव्हा तो मशीनला पाठ टेकून बसला होता. अंगातला शर्ट घामानं चिंब, ओठ पांढरे, डोळे उघडे. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं तर तिच्या हाताचं काळं तेल त्याच्या कपाळाला लागलं. गिरीराजनं स्वतःची गाडी काढली. तुमकूर रोडला गाड्यांची ही गर्दी. सुरज खाली उतरून गाडीपुढं पळत लोकांना हात जोडत होता. मागच्या सीटवर शालन नवऱ्याला सारखं सांगत होती, की श्वास घ्या, नुसता श्वास घ्या, दुसरं काही करू नका.

माणूस वाचला. जाळीच्या आतच रक्ताची गाठ बसली होती, ती काढली, आत दुसरी जाळी घातली. दुपार उलटल्यावर डॉक्टर मुग्धा बाहेर आली आणि शालनच्या शेजारी बाकड्यावर बसली. हृदयाचा एक भाग कायमचा गेलाय, असं तिनं सांगितलं. आता जिना जपून, ओझं नाही, आणि मशीनवर उभं राहायचं तर नावच काढायचं नाही. मग तिनं विचारलं, "काकू, गोळ्या मधे बंद केल्या होत्या का?"

शालनला रागच आला. "रोज माझ्या हातानं दिल्यात. देवाशपथ. उंबऱ्यावर हुबी ऱ्हाऊन दिल्यात."

डॉक्टर बरं म्हणाली आणि उठून गेली.

थोड्या वेळानं नर्सनं देवाप्पाचे कपडे पिशवीत घालून आणून दिले. शर्ट कात्रीनं कापलेला होता. पॅन्ट घडी करावी म्हणून शालननं पसरली, सवयीनं खिसे उलटे केले, आणि उजव्या खिशाच्या शिवणीत तिच्या बोटाला तो गुलाबी लगदा लागला. ओला, तेलाचा, बोटाला चिकटणारा. त्यात एक गोळी अजून अर्धी शाबूत होती. त्या दिवशी तर शुक्रवारही नव्हता. बघता बघता तिच्या डोळ्यांपुढं सगळं आलं. तंबाखू धरलेला तो गाल, वर प्यालेलं घोटभर पाणी, झालं तुझं समाधान, आणि आपण कुलूप लावेपर्यंत वळणावर जाऊन खिशात गेलेला हात. आपण हातानं हळूहळू धुतला तो डागही आला. ती बाकड्यावर पॅन्ट मांडीत घेऊन बसली आणि मोठ्यानं रडली. आजूबाजूच्या बायांना वाटलं माणूस गेला, त्या येऊन पाठीवरनं हात फिरवायला लागल्या.

त्याला बोलता यायला दोन दिवस गेले. भेटायच्या वेळेला ती आत गेली, स्टुलावर बसली आणि मूठ उघडून ती अर्धी गोळी त्याला दाखवली. देवाप्पानं बघितलं आणि डोळे छताला लावले.

"टाकवंना," तो म्हणाला. "औषध हाय. दसरा झाला की परत चालू करणार हुतो."

"मला फशिवलासा."

"रक्त थांबंना गं. रक्त थांबलं की मशीन मिळणार हुतं." नाकातल्या नळीनं त्याला नीट बोलता येत नव्हतं. तो थांबला, दम घेतला, आणि मग म्हणाला, "बायकांच्यात बसीवलं हुतं मला, शाले."

शालननं गोळीवर मूठ परत मिटली. ज्या टेबलावर तिचं आयुष्य गेलं होतं, त्याच्याविषयी तो बोलत होता. तिथं बसून तिनं खोली चालवली होती, तिथं बसून याचा लेथ कानांनी ऐकला होता, आणि तिथं त्याच्याशेजारी बसून ती चार दिवस सुखात होती.

"मी बी तितंच बसत्या की," ती म्हणाली.

त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि कानाकडं ओघळलं. तिनं ते पदरानं पुसलं. रक्ताचं पाणी झालं असं रोज त्याला कोण ऐकवत होतं, हे तिला आता पुरतं आठवत होतं. त्यामुळं तिला त्याच्यावर धड रागावताही येईना. दोघांनी मिळून हे केलं, त्यानं गालानं आणि मी जिभेनं, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

खंडेनवमीला तो घरी होता. शेडमध्ये त्या दिवशी मशिनी धुऊन, गंध लावून, झेंडूच्या माळा घालतात आणि दारात कोहळा फोडतात. इतकी वर्षं कोहळा देवाप्पा फोडायचा. गिरीराजनं मुद्दाम गाडी पाठवली. शालननं त्याला हाताला धरून आत नेलं. त्याच्या लेथसमोरच खुर्ची मांडली होती. पायांवर सूज होती म्हणून चपला काढताना तो वाकू शकला नाही, त्या शालननं काढल्या. पोरं दुसरीकडं बघत राहिली. कोहळा आणला तेव्हा सुरजनं तो उचलून अण्णांपुढं धरला. ओझं उचलायचं नव्हतं. देवाप्पानं त्याला नुसती दोन बोटं लावली आणि सुरजनं तो बाहेर नेऊन दारात आपटला.

प्रत्येक जण आपलं हत्यार मशीनपुढं ठेवतो. देवाप्पानं खिशातनं आपला मायक्रोमीटर काढून ठेवला होता. लाकडी डबीतला, स्वतःच्या पैशांनी घेतलेला; तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. पूजा झाली, चुरमुरे-पेढे वाटले, निघायची वेळ झाली. शालननं डबी राहिल्याची आठवण केली.

"असू दे," तो म्हणाला. "तितंच बरं हाय ते."

गाडीत तो डोळे मिटून बसला. तिनं त्याचा हात धरला. बोटांवरचे चरे सगळे भरून आले होते आणि कातडी मऊ पडायला लागली होती.

दवाखान्यातनं आल्यापासून गोळीची रीत बदलली होती. आता ती गोळ्या त्याला आपल्या हातानं उचलू देत नव्हती. स्वतःच्या बोटांनी जिभेवर ठेवायची, पाणी पाजायची, आणि मग म्हणायची, "आ करा. जीभ वर. गाल दावा." पहिल्या दिवशी त्याचा चेहरा रागानं तांबडा झाला होता. पण ती हटली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तोंड उघडलं. शेजारची पोरगी दारात उभी असली तरी तो उघडायला लागला.

दसऱ्याच्या सकाळी शालननं गावाकडनं चुलत्याच्या घरनं आलेली आपट्याची पानं देवापुढं ठेवली. रात्रभर तिला झोप लागली नव्हती. कोहळ्याला लावलेली ती दोन बोटं सारखी डोळ्यांपुढं येत होती. आज सणाचा दिवस, आज तरी माणसाला माणसासारखं वागवावं, असं तिनं ठरवलं होतं. तो भाकरी खाऊन भिंतीला टेकून बसला होता. तिनं त्याचा तळहात उघडला, त्यावर दोन्ही गोळ्या ठेवल्या, तांब्या शेजारी ठेवला.

"तुमच्या हातानं घ्या," ती म्हणाली आणि मुद्दाम पाठ फिरवून गॅसपाशी गेली.

मागं तांब्याचा आवाज झाला. घोट गिळल्याचा आवाज झाला. ती कणीक मळत राहिली, वळून बघायचं नाही असं मनाशी घट्ट धरून. आता तो काहीतरी बोलेल, पूर्वीसारखं झालं तुझं समाधान असं म्हणेल, म्हणून तिचे कान मागं लागले होते. काहीच ऐकू येईना, तेव्हा तिला धास्ती वाटली आणि ती वळली.

तो तिच्याकडं तोंड करून बसला होता. मान वर, आ वासलेला, जीभ वर उचललेली, आणि बोटानं आधी एक गाल, मग दुसरा गाल ओढून तिला दाखवत होता. तंबाखूनं काळे झालेले त्याचे दात आतपर्यंत दिसत होते.

"बघितलं," असं ती म्हणेपर्यंत त्यानं तोंड मिटलं नाही.